अळणी खिमा

तळहाताएवढं पाकीट. वजन एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. एक पौंड खिमा परतायचा, पाकीट फाडून त्यावर ओतायचं, कपभर पाणी घालायचं, आटवायचं. टाकोचं सारण तयार. नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी शहरातल्या एका मराठी घरात दर मंगळवारी हेच व्हायचं. मंगळवार आणि टाको ही जोडी अमेरिकेत इतकी रुळली आहे की शाळेच्या कँटीनमध्येही त्या दिवशी मुलं टाकोची वाट बघतात. घरातली बाई सहाला कामावरून यायची आणि साडेसहाला मुलगा जेवायला बसायचा. अकरा वर्षांच्या संसारात तिनं त्या पाकिटाची मागची बाजू कधी वाचली नव्हती. वाचायला कारण नव्हतं.

कारण कोल्हापूरहून आलं. तिचे वडील, आप्पा, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले तेव्हा त्यांच्या बॅगेत चटणीच्या दोन बरण्या होत्या आणि फाइलमध्ये हृदयविकारतज्ज्ञांचा कागद. रक्तदाब जुना. त्यात वर्षभरापूर्वी पायांवर सूज यायला लागली होती, जिना चढताना दम लागत होता. कागदावर औषधांच्या यादीखाली दोनच शब्द होते: मीठ कमी.

पहिल्या मंगळवारी तिनं पाकीट फाडण्याआधी उलटं केलं. दोन चहाचे चमचे म्हणजे एक सर्व्हिंग, पाकिटात अशी सहा सर्व्हिंग, आणि एकेका सर्व्हिंगमध्ये ३५० मिलिग्रॅम सोडियम. मुलगा पाचवीत, गुणाकाराची हौस असलेला. त्यानं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर मांडलं: ३५० गुणिले ६, बरोबर २१००. मिठात वजनानं सुमारे ४० टक्के सोडियम असतं, आणि चहाचा एक सपाट चमचा मीठ म्हणजे साधारण २३०० मिलिग्रॅम. तेवढीच अमेरिकेतल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी निरोगी प्रौढ माणसाला घालून दिलेली दिवसभराची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना २०००च्या आत राहा म्हणते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते रक्तदाबाच्या माणसानं १५००पर्यंत उतरावं.

कागद भरत गेला. पाकीट चौघांत वाटलं तर माणशी ५२५. मैद्याच्या दोन टॉर्टिया, त्यात मीठही आणि बेकिंग पावडरही, म्हणून साडेचारशे. बाटलीतला साल्सा दोन चमचे, सव्वादोनशे. किसलेलं चेडार चीज एक औंस, १८०. टर्कीच्या खिम्यात मुळातच असलेले सत्तर-ऐंशी. बेरीज साडेचौदाशेच्या घरात गेली, आणि ओट्यावरच्या मिठाच्या बरणीला अजून कुणी हातही लावला नव्हता.

ती बराच वेळ त्या बरणीकडे बघत राहिली. लहानपणापासून तिला माहीत होतं ते हे, की स्वयंपाकातलं मीठ स्वयंपाक करणारीच्या हातात असतं. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, त्यामुळे तिची आई नुसत्या अंदाजानं, पातेल्यावर हात फिरवून मीठ टाकायची आणि सहसा चुकायची नाही. मराठी पाककृतींत डाळ वाटीनं मोजतात, तेल पळीनं, हळद चमच्यानं. एकट्या मिठापुढे माप लिहीत नाहीत; तिथे असतं ‘चवीपुरतं’. ते माप त्या हातावर सोडलेलं असतं. भारतात हे अजून पुष्कळ अंशी खरं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत माणशी रोजचं मीठ सरासरी आठ ग्रॅम निघालं, शिफारशीपेक्षा तीन ग्रॅम जास्त, आणि त्यातला मोठा वाटा घरच्या भाजी-आमटीत, लोणच्या-पापडात घातलेल्या मिठाचा असतो. तिथे घरातली बाई हात आखडू शकते.

अमेरिकेत हात आखडून फारसं काही होत नाही. २०१७ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात लिसा हारनॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० प्रौढांच्या खाण्याचा हिशोब छापला. या माणसांच्या पोटात गेलेल्या सोडियमपैकी ७१ टक्के कारखान्यात किंवा उपाहारगृहात आधीच पदार्थात घातलेलं होतं. १४ टक्के अन्नात निसर्गतः असलेलं. घरी शिजवताना घातलेलं ६ टक्क्यांहून कमी आणि जेवताना वरून घेतलेलं ५ टक्क्यांहून कमी. टेबलावरची मिठाची डबी उचलून ठेवणं हा डॉक्टरांनी वर्षानुवर्षं दिलेला सल्ला या आकड्यांपुढे फार लहान वाटतो. कोल्हापूर सोडून अमेरिकेत आलेल्या बाईच्या हातातलं माप असं नकळत सुटलेलं असतं. तिला ते परत हवं होतं. मंगळवारचा टाको हे त्यासाठी बरं ठिकाण होतं, कारण तिथे सगळा दोष एका पाकिटात बांधलेला होता.

केरीहून गाडीनं अर्ध्या तासावर डरहम आहे आणि डरहममध्ये ड्यूक विद्यापीठ. मीठ कमी करण्याच्या गोष्टीतली दोन मोठी प्रकरणं याच विद्यापीठाशी बांधलेली आहेत. जर्मनीतून नाझींच्या काळात बाहेर पडलेले डॉक्टर वॉल्टर केम्पनर १९३४मध्ये इथे आले. १९३९पासून त्यांनी मूत्रपिंडाच्या आणि तीव्र रक्तदाबाच्या रुग्णांना जवळजवळ नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवायला सुरुवात केली. त्या आहारात दिवसाला सोडियम १५० मिलिग्रॅमच्या आसपास असे. रक्तदाब उतरवणारी नेमकी औषधं तेव्हा नव्हती. असा रुग्ण फार दिवस जगत नसे. १९४२मधली गोष्ट अशी सांगतात: नॉर्थ कॅरोलिनातल्या एका तरुण बाईला केम्पनरांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं, त्यांच्या जर्मन उच्चारामुळे तिच्या कानांनी दोन महिने ऐकलं, आणि ती दोन महिने भातावर राहून परतली. तिचा रक्तदाब उतरला होता. हृदयाचा वाढलेला आकार कमी झाला होता, डोळ्यांच्या पडद्यावरचे डाग ओसरले होते. त्यानंतर रुग्ण दूरदूरहून डरहमला यायला लागले.

लेकीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा आप्पा म्हणाले, “नुसता भात? मिठाबिगर?” आणि गप्प झाले. तापातून उठल्यावरची पेज त्यांना आठवली असणार. तीसुद्धा मिठाच्या दोन खड्यांशिवाय त्यांच्या गळ्याखाली उतरली नसती.

केम्पनरांचा आहार फार कठोर होता. तो घरी कुणी जन्मभर चालवू शकत नाही. दुसरं प्रकरण माणसांच्या रोजच्या ताटाजवळचं आहे. ‘डॅश-सोडियम’ नावाचा प्रयोग चार केंद्रांवर झाला आणि ड्यूक त्यांतलं एक. ४१२ माणसांना सोडियमच्या तीन पातळ्यांवर तीस-तीस दिवस जेवू घातलं. २००१मध्ये निकाल छापले गेले. सोडियमची पातळी जसजशी उतरली तसतसा रक्तदाब उतरला. नेहमीचा आहार घेणाऱ्यांचाही आणि फळं-भाज्या-दूध वाढवलेला आहार घेणाऱ्यांचाही. या प्रयोगात कुणाला नुसत्या भातावर ठेवलेलं नव्हतं. ती माणसं नेहमीसारखं अन्न जेवली होती, एवढंच की ते मोजून शिजवलेलं होतं. तिला धीर आला तो इथे.

टर्कीचा खिमा घरात आधीपासून येत होता, गाईच्या मांसाला पर्याय म्हणून. दुकानात त्याच्या डब्यांवर ८५, ९३, ९९ असे आकडे असतात. ते चरबी वगळून उरलेल्या मांसाची टक्केवारी सांगतात. ९९वाला शिजला की भुशासारखा होतो. ९३वाला तिनं धरला. डब्यावरच्या बारीक अक्षरांकडेही ती बघायला शिकली, कारण कोंबडी-टर्कीच्या काही मांसात मिठाचं पाणी आधीच भरलेलं असतं आणि नियमाप्रमाणे ते लिहावं लागतं. साध्या खिम्यात चार औंसाला ऐंशीच्या आतबाहेर सोडियम असतं. खारवलेल्यात त्याच्या कितीतरी पट.

“टर्की म्हंजे ते गळ्याला लाल पिशवी असलेलं पाखरूच न्हवं?” आप्पांनी विचारलं. तेच. आणि या पाखराचा प्रवास सांगण्याजोगा आहे. ते मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत ते दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसाळलेलं होतं; तिथल्या नाहुआ भाषेतल्या नावावरून मेक्सिकोत आजही त्याला ‘ग्वाहोलोते’ म्हणतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं. इंग्रजांनी त्याचं नाव तुर्कस्तानावर ठेवलं, तुर्कांनी ‘हिंदी’ ठेवलं आणि पोर्तुगीजांनी ‘पेरू’. कुणालाच ते नीट कुठून आलं हे कळलेलं नव्हतं. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात पोचलं. १६१२मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याहून दुर्मीळ वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात आला, त्यांत हा पक्षी होता. रंग बदलणारं त्याचं डोकं आणि पिसारा पाहून जहांगीर इतका हरखला की आठवणींत त्यानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरला चित्र काढायला सांगितलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मन्सूरनं एकेक पीस, मानेवरचा एकेक फोड असा रंगवला आहे की बघताना हात पुढे जावा. म्हणजे मक्याची टॉर्टिया, मिरची, टोमॅटो आणि टर्की ही एकाच भूमीतली भावंडं. टाकोत सहसा गाईचा खिमा घालणाऱ्या अमेरिकेत टर्की ‘हलका पर्याय’ म्हणून येते, पण मेक्सिकोच्या मातीशी तिचं नातं गाईच्या कितीतरी आधीचं आहे. गाय तिथे स्पॅनिशांबरोबर आली.

पाकिटाशिवायचा पहिला खिमा फसला. तिनं मीठ पूर्ण वगळलं, जिरेपूड आणि लसूण घातला, सगळं एकदम पातेल्यात टाकलं. टर्कीला पाणी सुटलं आणि मांस त्या पाण्यातच शिजलं, करडं, रबरासारखं. मुलानं एक घास खाल्ला आणि उरलेल्यावर चीज पसरलं. आप्पांनी शांतपणे दोन घास खाल्ले.

“पोरी, मीठ घालायचं इसरलीस काय?”

“विसरले नाही, आप्पा. घातलंच नाही.”

“आस्सं,” म्हणून त्यांनी लिंबाची फोड पिळली आणि ताट संपवलं. अन्न टाकायचं नाही, एवढ्या एका नियमावर.

मराठीत याला शब्द आहे: अळणी. लवण नसलेलं ते अळणी. पण हा शब्द मिठापुरता राहिलेला नाही. अळणी बोलणं असतं, अळणी माणूसही असतो. ज्यात मीठ नाही त्यात काहीच नाही, असं भाषेनंच ठरवून टाकलं आहे. हिंदीत मीठा म्हणजे गोड, आणि मराठीत खाऱ्या पदार्थाचं नावच मीठ. जिभेवर रुजलेल्या अशा समजुतीशी भांडायचं तर नुसतं काढून टाकून भागत नाही. मीठ पदार्थात काय काय करत होतं ते आधी बघावं लागतं. ते कडवटपणा दाबतं. मांसाचा रस बांधून धरतं. मसाल्याचा वास पुढे आणतं. ही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवली पाहिजेत.

ती कामं वाटून देण्यात तिचे पुढचे पाच-सहा मंगळवार गेले.

पहिलं काम आचेचं. बिडाचा तवा चांगला तापवून, चमचाभर तेल सोडून, तिनं खिमा एका थराच्या वडीसारखा तव्यावर दाबला आणि चार-पाच मिनिटं त्याला अजिबात हलवलं नाही. खालून तपकिरी खरपूस पापुद्रा आला, तेव्हा उलटून मग मोडला. भाकरीला पापुद्रा सुटेपर्यंत धीर धरणाऱ्या हाताला हे अवघड नव्हतं. अवघड होतं ते इथल्या कृतींत लिहिलेलं सतत ढवळत राहणं सोडून देणं. खरपूस भागातली चव मिठावर अवलंबून नसते. ती उष्णतेनं प्रथिनं आणि साखर यांच्यात घडते. टर्की आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचली की पुरे. पुढे गेली की कोरडी पडते. स्वयंपाकाचा थर्मामीटर पंधरा डॉलरला मिळाला आणि तो वसूल झाला.

दुसरं काम मसाल्याचं, आणि इथे एक खड्डा होता. अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून जे मिळतं ते आपलं लाल तिखट नव्हे. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेभार्ट या जर्मन स्थलांतरितानं १८९०च्या दशकात वाळलेल्या मिरच्या, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण एकत्र दळून विकायला सुरुवात केली. त्या मिश्रणाचं हे नाव. आणि आजच्या पुष्कळ बाटल्यांत त्यात मीठ असतं. तिनं ती बाटली बाजूला ठेवली. मेक्सिकन दुकानातून अँचोची पूड आणली. पोब्लानो मिरची पिकवून वाळवली की तिला अँचो म्हणतात. रंगानं काळपट, वासानं मनुकांसारखी, तिखटपणानं सौम्य. दोन चमचे अँचो, दीड चमचा जिरेपूड, एक चमचा धुरावलेली पॅप्रिका, अर्धा चमचा मेक्सिकन ओरेगॅनो. हा ओरेगॅनो इटालियन पिझ्झावरचा नव्हे. ती वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे. हातावर चुरडून आप्पांच्या नाकाशी धरला तर ते लगेच म्हणाले, “ओवा.” फार चुकले नव्हते. ओव्याला त्याचा वास देणारं थायमॉल या पानांतही असतं.

पाकिटावर लिहिलेलं असतं, मसाला पाण्याबरोबर घाला. तिनं तो तेलात घातला. कांदा परतून, लसूण टाकून, मग मसाला, अर्धा मिनिट, वास सुटेपर्यंत. मसाल्यातले सुगंध बहुतेक तेलात विरघळणारे असतात. पाण्यात ते तितके उघडत नाहीत. फोडणीच्या घरात वाढलेल्या बाईनं अकरा वर्षं मसाला पाण्यात कालवला होता, कारण पाकिटानं तसं सांगितलं होतं. याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

तिसरं काम मशरूमचं. २०१४ साली ‘जर्नल ऑफ फूड सायन्स’मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस केंद्र आणि कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका यांचा एक अभ्यास आला, आणि त्यातला एक नमुना चक्क टाकोचं सारण होता. मांसाचा काही भाग मशरूमनं बदलून मीठ २५ टक्क्यांनी कमी केलं, तरी खाणाऱ्यांना चवीचा जोर कमी झाल्यासारखा वाटला नाही. मशरूममध्ये चव गडद करणारं ग्लुटामेट असतं, टोमॅटोतही असतं. तिनं पाव किलोला थोडे कमी मशरूम अगदी बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत कोरडे परतले आणि टर्कीत मिसळले. त्यांच्यामुळे खिम्याला ओलावाही राहिला. टोमॅटोची पेस्ट बिनमिठाची, दोन मोठे चमचे, तीही तेलात रंग गडद होईपर्यंत परतून. शेवटी गॅस बंद केल्यावर लिंबाचा रस. लिंबू शिजताना घातलं तर त्याचा ताजा वास उडतो, वरून घातलं तर जिभेला जागं करतं. हे आप्पांनी पहिल्याच दिवशी न सांगता दाखवलं होतं.

चौथ्या आठवड्यात आप्पांनी बरणी पुढे केली. कोल्हापुरात तिखटालाच चटणी म्हणतात, आणि ही घरची कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात डंकावर कांडलेली. “ह्यातली एक चमचा घाल, मग बग,” ते म्हणाले. यात मीठ कुठे असणार, अशी त्यांची खात्री. पण त्यात मीठ असतंच. कांदा-लसणाचा ओलावा असलेली चटणी वर्षभर टिकते ती मिठाच्या जोरावर. आप्पांच्या घरी किलोभर मिरचीला पाव किलो मीठ. नातवानं पुन्हा कागद घेतला. मिरची, वाळवलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, मीठ, सगळ्यांची वजनं आजोबांना विचारून विचारून मांडली. मिठाचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास निघाला. चहाच्या एका चमच्यात पावणेदोनशे-एकशेऐंशी मिलिग्रॅम सोडियम. आप्पा त्या आकड्याकडे बघत राहिले. घरचंही एक पाकीटच होतं, फक्त काचेच्या बरणीतलं.

तिनं मात्र चटणी नाकारली नाही. पौंडभर टर्कीचे मूळचे सव्वातीनशे, बाकी सगळ्या जिनसांचे मिळून चाळीसेक, आणि या एका चमच्याचे १८०. चौघांत वाटले तर माणशी १३५. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमानं एका सर्व्हिंगमध्ये १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तरच अन्नावर ‘लो सोडियम’ लिहिता येतं. सारणात घालायचं सगळं मीठ तिनं त्या एका चमच्यावर खर्च केलं. पातेल्यात दुसरं मीठ पडलं नाही. आणि त्या मंगळवारी पहिल्यांदा मुलानं चीज मागितलं नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर बदलल्या. मैद्याच्या टॉर्टियांऐवजी मक्याच्या आल्या. मका, चुना आणि पाणी यांपलीकडे त्यांत काही नव्हतं, दोन मिळून सोडियम तीसच्या आत. पहिली टॉर्टिया भाजून आप्पांच्या हातात दिली तर त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, “चुना हाय गं ह्यात.” खरंच असतो. मेक्सिकोत हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन मग वाटतात. त्यानं साल सुटतं, पीठ एकजीव होतं आणि मक्यात अडकून असलेलं नायसिन शरीराला मिळतं. युरोपनं मका नेला पण ही कृती नेली नाही, आणि मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. बाटलीतल्या साल्साची जागा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि लिंबाच्या कोशिंबिरीनं घेतली. चेडारच्या जागी चक्का. डब्यातला काळा घेवडा चाळणीत निथळून धुतला तर त्यातलं सुमारे ४० टक्के सोडियम पाण्याबरोबर जातं, म्हणून तो धुऊनच यायला लागला.

मीठ कमी म्हटलं की माणसं पर्याय शोधतात. केरीतल्या ओळखीच्या बायकांनी तिला दोन सुचवले. एक सैंधव. उपासाला चालतं म्हणून ते हलकं, अशी समजूत. पण सैंधव, गुलाबी हिमालयी मीठ, समुद्री मीठ ही सगळी जवळजवळ सोडियम क्लोराइडच, वजनामागे सोडियम सारखंच. दुसरा, पोटॅशियम घातलेलं मीठ. यात तथ्य आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत, जवळपास २१ हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात आणि मृत्यू कमी झाले. पण ज्यांचं मूत्रपिंड अशक्त आहे, किंवा जे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही ठरावीक औषधांवर आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आप्पांच्या यादीत तसली दोन औषधं होती. तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं, नको म्हणाले, आणि तो डबा दुकानातच राहिला. न विचारता तो घरी आणणारी माणसं पुष्कळ असतील, याची तिला काळजी वाटते.

जिभेचं काय? फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी १९८२मध्ये दाखवलं की काही महिने कमी सोडियमवर राहिलेल्या माणसांना आवडणाऱ्या खारटपणाची पातळी आपोआप खाली येते. एका दिवसात नाही, आठवड्यातही नाही. दोन-तीन महिने लागतात. हे दोन-तीन महिने घरात सोपे नव्हते. आप्पा चिडत नसत, पण जेवण कमी व्हायला लागलं होतं, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट. म्हणून तिनं एक जुनी गोष्ट परत आणली. कोल्हापूरच्या घरी पान मांडताना सगळ्यांत आधी मीठ वाढत, वर डाव्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी. तिनं आप्पांच्या ताटात त्या जागी चिमूटभर मीठ वाढायला सुरुवात केली. छोट्या वजनकाट्यावर ती चिमूट पाव ग्रॅम भरली, म्हणजे शंभर मिलिग्रॅम सोडियम. सारणात ढवळलं असतं तर ते कुठे गेलं ते कळलंही नसतं. घासावर वरून घेतलेलं मीठ थेट जिभेवर पडतं आणि थोडंच पुरतं. आप्पा बोटाच्या टोकानं एखादा कण टाकोवर टेकवत. कधी अर्धी चिमूट ताटातच राहायची. ती ताट उचलताना ते उरलेलं मीठ बघायची आणि काही बोलायची नाही.

पाचव्या महिन्यात एका वाढदिवसाला सगळे बाहेर जेवायला गेले. आप्पांनी टाको मागवला, आवडीनं खाल्ला, आणि घरी परतेपर्यंत तीन पेले पाणी प्यायले. रात्री नातवाला एवढंच म्हणाले, “लई खारट हुतं बाबा.”

सूज उतरली होती, पण त्यात औषधांचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे डॉक्टरांनी वेगळं करून सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मार्चमध्ये आप्पा परतले.

मेमध्ये, एका मंगळवारी संध्याकाळी, तव्यावर टर्कीची वडी खरपूस होत असताना फोन आला. कोल्हापुरात तेव्हा पहाट. आप्पा आदल्या दिवशी डंकावर गेले होते, दोन किलो मिरची घेऊन, आणि अर्धी चटणी मिठाशिवाय कांडायला सांगितली होती. डंकवाला तयार होईना. बिनमिठाची चटणी महिन्याभरात बुरसटते, नंतर दोष आमच्यावर येतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं.

“मग काय केलंत, आप्पा?”

“आज परत येतो म्हणालोय. फ्रीजमधी किती दिस ऱ्हाईल गं?”

तिनं गॅस बारीक केला. कांदा अजून कोरडा होईपर्यंत तळा, म्हणाली; पावशेराच्या बरण्या करा, एक फ्रिजमध्ये वापरायला ठेवा, बाकीच्या फ्रीझरला. आणि बरणीवर तारीख लिहा, आप्पा, नुसती आठवण ठेवू नका. पलीकडून कागद शोधल्याचा आवाज आला. तव्याखालून पापुद्रा सुटला होता, तिनं वडी उलटली.